डब्यात मावणारी रुकसाना

इब्राहिमभाई डब्यातला चिकट भात कडेकडेनं खायचे, कारण मधोमध एक मुलगी असायची. समुद्री शेवाळाच्या काळ्या कागदातून कापलेल्या दोन वेण्या, गाजराची रिबन, आमसुलाचे ओठ. शेजारच्या कप्प्यांत अंड्याची गोडसर वळकटी आणि तळलेली कोळंबी.

रत्नागिरीकडचा हा माणूस कुवेतमध्ये, मीना अल-अहमदीला, जपानी इंजिनिअरांच्या मेसमध्ये बेन्तो, म्हणजे कप्प्याकप्प्यांचे डबे, भरायचा. माझा नवरा तिथल्याच रिफायनरीत. त्या ओळखीनं दर शुक्रवारी इब्राहिमभाई स्वतःचा डबा घेऊन आमच्याकडे जेवायला येत. मी तेव्हा नवी नवरी आणि अख्ख्या कुवेतची स्वयंघोषित सुगरण. तसला चिकट भात मलाही यायचा. फक्त माझा चुकून व्हायचा.

"थंडगार झालाय की हो. गरम करून देऊ?"

"हात नका लावू, भाभी! हा थंडच खायचा. डबा लांब गेलेल्या माणसासाठी असतो."

"आणि ही कोण?"

"आमची रुकसाना. शाळेत चाललीय."

वर्षं गेली. गावाकडे रुकसाना दहावी झाली, तिचं लग्न झालं, मी आजी झाले; डब्यात मात्र त्याच दोन वेण्या. माझी जीभ कसली गप्प बसतेय! "अहो, पोरीला किती वर्षं नापास करणार? घाला की वरच्या वर्गात!"

"मोठी पोर डब्यात मावत नाय, भाभी." मग हळूच, "एकदा तिच्या हातात हा डबा द्यायचाय. बस."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या जावयाला इथंच, कुवेतमधल्या जहराला नोकरी लागली आणि रुकसाना आली. इब्राहिमभाईंच्या जलीब भागातल्या खोलीत सगळे सडे पुरुष, म्हणून तिचं पहिलं जेवण आमच्याकडे ठरलं. डबा अर्थातच त्यांचा.

तिनं झाकण उघडलं. "या अल्लाह, किती क्यूट! अब्बा, ही कोण?"

इब्राहिमभाईंनी डब्यात पाहिलं, मग तिच्याकडे. "हाय एक जपानी पोरगी."

मी तोंड उघडलं. त्यांनी नुसती मान हलवली. मी मिटलं.

एक घास घेऊन ती म्हणाली, "थंड आहे, अब्बा."

आता 'हात नका लावू' येणार, म्हणून मी वाट पाहिली. ते उठले, डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले. मायक्रोवेव्हची घरघर ऐकू आली. डबा परत आला तेव्हा वेण्या आक्रसून नुसत्या रेघा उरल्या होत्या. रुकसानाला भूक लागली होती. तिनं चाटूनपुसून संपवला, आणि ते तिच्याकडे बघत बसले.

पुढच्या शुक्रवारी त्यांच्या डब्यात नुसता पांढरा भात होता. तो त्यांनी मधूनच खायला घेतला.