धुंडिराज महाराजांचा उर्मट पाय

एका जंगलात, मुलांनो, अस्वलाचं राज्य होतं. राजाचं नाव धुंडिराज. त्याला शिस्त फार आवडायची, विशेषतः दुसऱ्यांची.

एकदा भर दरबारात महाराज शिस्तीवर भाषण करत होते. बोलता बोलता त्यांचा पाय शेकोटीतून उडालेल्या निखाऱ्यावर पडला. पाय झटकन वर गेला आणि महाराज आसनावरून उताणे पडले. प्रजा हसली. हरणं तर गडाबडा लोळली.

भाजल्याचं महाराजांना फारसं वाटलं नाही. हसल्याचं वाटलं. आपण हुकूम दिला नसताना पाय उचललाच कसा, असं त्यांनी दिवाणांना विचारलं. दिवाण म्हणजे तात्यासाहेब नावाचं एक तरस. त्यांनी पायाकडे संशयाने पाहिलं आणि वैद्यीणबाईंना बोलावलं.

वैद्यीणबाई होत्या इंदूताई साळिंदर. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. शरीरात मज्जापेशी असतात, लांबच लांब धाग्यासारख्या. पेशीच्या बाहेर सोडियमचे कण दाटलेले असतात, आत कमी. मधल्या पडद्याची दारं बंद असतात. चटका पुरेसा बसला की दारं उघडतात, कण आत घुसतात आणि त्या धक्क्याने पुढची दारं उघडतात. अशी विजेची लाट धाग्याच्या टोकापर्यंत धावते. तिथे छोटीशी फट असते. टोकातून रसायन सुटतं, फट ओलांडतं आणि पुढच्या पेशीला जागं करतं. चटक्याची बातमी पाठीच्या कण्यात पोचली की तिथूनच पायाला उलट निरोप जातो. डोक्याला मागाहून कळतं.

"मागाहून?" महाराजांनी विचारलं.

"हो. तोवर पाय वाचलेला असतो," ताई म्हणाल्या.

दिवाण म्हणाले की कण्यात परस्पर कारभार चालतो, हे तर सरळ बंड झालं. ताईंकडे एका मुळीचा रस होता. तो टोचला की ही दारं उघडतच नाहीत. महाराजांनी तो रोज दोन्ही पायांना टोचायचा हुकूम सोडला.

ताईंनी विरोध केला. दारं बंद झाली की वरून खाली जाणारा हुकूमही अडकेल, असं त्या परोपरीने सांगत होत्या.

"पाय माझे आहेत की तुमचे?" महाराज म्हणाले.

ताईंनी स्वतःचाच एक काटा उपटला, रसात बुडवला आणि टोचला.

पाय लुळे पडले. रानडुकरं महाराजांना पालखीतून मिरवू लागली. महाराज आता किती स्थिर झालेत, असं दरबारी म्हणू लागले. महाराजांनाही ते पटलं.

मग राज्यारोहणाचा उत्सव आला. मोठी शेकोटी पेटली. रानडुकरांनी पालखी जरा जास्तच जवळ ठेवली आणि महाराजांचे पाय निखाऱ्यांत गेले. भाषण चालूच राहिलं. प्रजेला धूर दिसत होता, पण मागच्या वेळी हसलेली हरणं अजून कोठडीत होती. कोणी तोंड उघडलं नाही. शेवटी जळक्या केसांचा वास महाराजांच्याच नाकात शिरला. त्यांनी खाली पाहिलं.

"पाय, वर हो," त्यांनी हुकूम दिला.

पाय हलले नाहीत. महाराजांनी पुन्हा सांगितलं. मग विनंती केली. इंदूताई धावत आल्या आणि त्यांनी रानडुकरांना पालखी मागे ओढायला लावली.

रसाचा अंमल उतरल्यावर सगळी आग एकदम जाणवली. महाराज लहान पिल्लासारखे रडले. ताई रात्रंदिवस जखमांवर लेप लावत राहिल्या. डाव्या पायाची बोटं गेली, बाकीचं वाचलं.

पुढे रीतसर चौकशी झाली. दिवाण अध्यक्ष होते. वेळेवर खबर न दिल्याबद्दल दोन्ही पाय दोषी ठरले.

तात्पर्य : कुठे जळतंय हे कळवणाऱ्याला आधी शिक्षा करावी. न कळवणाऱ्याला नंतर करता येते.