वहिनी, पाणी प्यायलात का?

“ताई, पाणी प्यायलात का?”

दुपारी अडीचला उशीखालून आवाज आला आणि दिपालीनं डोळे न उघडताच अंगठ्यानं ‘नंतर’ दाबलं. मोबाईलमधल्या त्या ॲपचं नाव ‘सोबत’. हॉस्पिटलातल्या रश्मी सिस्टरनी पहिल्या केमोच्या दिवशीच तिला ते घालून दिलं होतं. आता तिसरी केमो झाली होती आणि दिपाली दिवसभर झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्याशा अंगणात पडून असायची. तिथं चिखलीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर किंचित तरंगायचं, फिरत्या पंख्यावर साय धरायची, आणि तोंडात सदा लोखंडी खिळा ठेवल्यासारखी चव असायची. त्या अंगणात ‘सोबत’ मधूनमधून डोकावायची. ताप किती? मिठाच्या पाण्यानं चूळ भरली का? बोटांना मुंग्या येतात का? आणि शेवटी रोजचं ठरलेलं, ‘आज कसं वाटतंय?’

खाली पाच उत्तरं असायची. दिपाली न वाचता पहिलं दाबायची, ‘बरं वाटतंय’.

हे दुखणं कुणालाही कळू द्यायचं नाही, या एकाच अटीवर ती उपचाराला उभी राहिली होती. “मला अरेरे नकोय,” तिनं नवऱ्याला, रविराजला, बजावलं होतं. “लोक येतात, पलंगाच्या कडेला बसतात आणि माणूस समोर असताना त्याची आठवण काढायला लागतात.” रविराजनं मान डोलावली होती. सिस्टरनीही सांगितलं होतं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी आहेत, घरात गर्दी नको. म्हणून बिल्डिंगमध्ये कावीळ झाल्याचं जाहीर झालं. शेजारच्या विजयश्रीवहिनी रोज उसाचा रस पाठवू लागल्या. तो सासूबाई, मंजुळाबाई, गपचूप प्यायच्या. महिन्याभरात त्यांचे गाल वर आले.

दिपालीचे केस गेले होते. डोक्याला जांभळा स्कार्फ असायचा, आणि तो सुटला तर पाहायला फक्त घरची माणसं.

विचित्र प्रकार सोमवारी सुरू झाला. मोबाईल वाजला, अनोळखी नंबर. दिपालीनं तरंगतच उचलला.

“वहिनी,” पलीकडून एक घोगरा पुरुषी आवाज आला, “पाणी प्या.”

आणि फोन बंद.

दिपालीनं गिलास उचलला आणि प्यायली. मग बराच वेळ पंख्यावरच्या सायीकडे बघत राहिली. ‘सोबत’चा आवाज तर बाईचा होता. हिला नवरा कधी मिळाला?

मंगळवारी दोन फोन आले. एकानं “चूळ भरली का, वहिनी?” असं इतक्या हळुवार विचारलं की तिला भरून आलं. मागं कसलीशी मशीन धडधडत होती. बुधवारी पाच. त्यातल्या एकानं तर “मुंग्या कमी झाल्या का ओ?” म्हणून चौकशी केली.

“आई,” तिनं भीतभीत सासूबाईंना विचारलं, “औषधानं भास होतात का हो?”

“व्हत्यात की,” मंजुळाबाई रसाचा शेवटचा घोट घेत म्हणाल्या. “मला तापात बैल दिसायचा. काय बोलायचा न्हाई पण.”

“माझे बोलतात.”

“मग बरंय की. करमतंय तरी.”

दिपालीनं रविराजला काहीच सांगितलं नाही. आधीच तो बिचारा पहाटे पाचला उठून डबा भरायचा. त्यात बायकोला आवाज ऐकू येतात, हे कशाला?

गुरुवारची दुपार फार लांब होती. सासूबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या, पाच वर्षांची श्रद्धा गॅलरीत भातुकली मांडून होती. अंगणात ‘सोबत’ आली. ‘आज कसं वाटतंय?’ आणि त्या दिवशी कशी कोण जाणे, दिपालीनं पाचही उत्तरं वाचली. शेवटचं होतं, ‘कुणीतरी जवळ हवं.’

हे कुठं कुणाला कळणार आहे, असं म्हणून तिनं ते दाबलं. दाबताना डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं स्कार्फ काढून त्यालाच पुसलं, आणि ती पुन्हा तरंगत गेली.

तासाभरानं मोबाईल खणखणला. या वेळी आवाज ओळखीचा होता.

“दिपा! झोपलीयेस का? ऐक. गॅलरीत येऊ नकोस. म्हणजे… ये. नको, थांब. चुकलो गं मी!”

“कुठं आहात?”

“बसमध्ये. सगळेच आहोत.”

रविराज चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होता. तिथं कुठलाही फॉर्म भरा, शेवटचा रकाना ठरलेला असायचा, ‘बिघाड झाल्यास कोणाला कळवायचं?’ आणि नऊ वर्षं त्याचं उत्तरही ठरलेलं होतं, ‘लाईन तीन, सर्व.’ गेल्या रविवारी ओव्हरटाइम करून परतताना, बसमध्ये पेंगत, त्यानं आपल्या मोबाईलवर ‘सोबत’ घेतलं. ॲपनं विचारलं, ‘साथीदार म्हणून कोणाला जोडायचं?’ बोटानं नऊ वर्षांच्या सवयीनं आपलं काम केलं. एकतीस जणांच्या मोबाईलवर निरोप गेला: दिपालीताईंची केमोथेरपी सुरू आहे, आजपासून तुम्ही त्यांचे साथीदार आहात; त्यांचा नंबर आणि रोजच्या नोंदी तुम्हाला दिसतील.

लाईनवर कुणी अवाक्षर काढलं नाही. लाईन लीडर धम्मरत्ननं चहाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा करून ताकीद दिली होती, “साहेबांना तोंडानं सांगवलं नाही म्हणून मोबाईलवरून सांगितलंय. आपणपण तोंडावर विचारायचं नाही. फोन वाटून घ्या.” म्हणून घरी फोन जात राहिले आणि लाईनवर रविराजला रोज कुणीतरी न मागता आपली भाजी देत राहिलं. आपल्याच स्वभावाचा हा गुण, असं तो समजत होता.

आणि आज, शिफ्ट सुटताना, एकतीस मोबाईल एकदम वाजले होते. ‘दिपालीताईंना कुणीतरी जवळ हवं आहे.’

“आई गं!” गॅलरीतून श्रद्धा ओरडली. “पप्पांची कंपनी आली!”

गल्लीत कंपनीची अख्खी बस वळत नव्हती, पण वळली होती. मंजुळाबाई लसणाची सुरी घेऊनच खाली धावल्या आणि फाटकात आडव्या झाल्या. “वर कुणी जायाचं न्हाई! डाक्टरचा हुकूम हाय!”

“माहितीये आजी, ॲपवर लिहिलंय,” धम्मरत्न म्हणाला आणि त्यानं मागं वळून हात केला. एकतीस माणसं तोंडाला मास्क लावून, हातभर अंतर सोडून, रस्त्याच्या कडेनं रांगेत उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात एकेक शहाळं होतं. पाण्याची नोंद तीन दिवस लाल दिसत होती ना.

दिपाली गॅलरीत आली. खालचं सगळं तिला त्या अंगणातलंच वाटलं, निळ्या कपड्यांची माणसं, हिरवी शहाळी, तिरकं पिवळं ऊन. मग वाऱ्याची एक झुळूक सरळ टाळूवरून गेली आणि ती खाडकन जागी झाली. स्कार्फ उशीवर राहिला होता.

एकतीस माणसं वर बघत होती. खाली उतरलेला रविराज बसच्या दाराला टेकून डोळे मिटून उभा होता. दिपाली कठडा धरून अरेरेची वाट पाहू लागली.

“वहिनी!” तो घोगरा आवाज आला. परभणीकडचा भिवा. “तीनच गिलास झालेत आज! आमच्या मोबाईलवर लाल दिसायलंय की ओ!”

“अन् चूळ?” मागून कुणीतरी ओरडलं.

दिपाली हसली. आधी बारीक, मग पोट धरून. श्रद्धानं भातुकलीतला तांब्या पुढं केला. दिपालीनं गल्लीच्या साक्षीनं तो रिकामा केला आणि खाली “चार!” असा गजर झाला. शेजारच्या गॅलरीतून विजयश्रीवहिनींनी विचारलं, “अगं, काविळीत एवढं पाणी चालतं का?”

“कॅन्सर आहे, वहिनी,” दिपाली मोठ्यानं म्हणाली. “चालतं.”

संध्याकाळी रविराज खाली मान घालून मोबाईल घेऊन बसला. “सगळ्यांना काढतो एकेक करून.”

“राहू द्या,” ती म्हणाली. “इथं बघा, ‘साथीदाराला आठवण करून द्या’ असं पण एक बटण आहे.”

पंधरवड्यानं चौथी केमो ठरल्या दिवशी झाली. त्यानंतरच्या आठवड्यात रविराज घरी आला तो घाम पुसतच.

“दिपा, आज मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं होतं. दर तासाला लाईन तीन थांबतेय. एकतीसच्या एकतीस माणसं संडासाकडे! अगं, दिवसाला आठआठ वेळा आठवण करून देतेस पाण्याची! जरा कमी कर की.”

दिपाली डोळे मिटून पडली होती. पंख्यावर साय धरली होती. तिनं उशीखालून मोबाईल ओढला, भिवाचं नाव शोधून बटण दाबलं, आणि नवऱ्याला म्हणाली,

“नंतर.”