नऊ पाट्यांची रेसगाडी

“रविवारी पुण्याची ती बाई येऊन गाडी पसंत करून गेली तर ठीक, न्हायतर सोमवारी भंगारवाला,” कौसल्याबाईंनी भाकरी थापता थापता निकाल दिला, तेव्हा संभाजीरावांचा घास हातातच राहिला.

“अगं पर—”

“म्हस व्यायला झालीया. तिला गोठ्यात जागा नको? का तुमची गाडी रेडकू देणार हाय?”

हाच प्रश्न सगळं कन्हेरी गाव विचारायचं. अकरा वर्षांपूर्वी संभाजीराव पुण्याला गेले ते मशागतीचा रोटाव्हेटर आणायला, आणि आले ते एकाच माणसाला बसता येईल अशी, १९५८ सालची शर्यतीची गाडी घेऊन. आणल्या दिवशीच त्यांनी ती गोठ्यात चालू केली आणि थेट दगडी गव्हाणीवर घातली. पुढची चौकट वाकली, स्प्रिंगचे पाटे मोडले आणि गाडी जी नाक टेकून बसली ती बसलीच. गव्हाणीला साधा ओरखडा आला नाही, हे कौसल्याबाई आल्या-गेल्याला आवर्जून सांगत.

पण माणूस चिवट. इंजिन या गाडीला मागच्या बाजूला होतं. ते त्यांनी मोबाईलवर बघून बघून स्वतः दुरुस्त केलं. राहिली होती फक्त पुढची बाजू. आता पुण्यात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार होती आणि ती काढणाऱ्या मंडळाची निकिता नावाची मुलगी रविवारी गाडी तपासायला येणार होती. न थांबता एक किलोमीटर चालवून दाखवायची, एवढीच परीक्षा. अकरा वर्षं ज्यासाठी गावाचं हसू सोसलं, ते एका किलोमीटरवर आलं होतं. संभाजीरावांनी मोडकी चौकट आणि पाटे पिकअपमध्ये टाकले आणि इंदापूर गाठलं.

इंदापुरात हायवेला नागेशचं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या बनवाव्यात तर नागेशनंच, असं तो स्वतः सांगतो आणि लोकही नाकारत नाहीत.

“किती टनाची करायची?” नागेशनं पहिला प्रश्न विचारला.

“टन न्हाय रं. मी एकटाच बसणार.”

नागेशनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मोडलेला पाटा दोन बोटांत धरला. “तात्या, ह्यो पाटा हाय का सुरीचं पातं?”

“तसलाच पायजे. ह्यो नकाशा घे. ह्यात हाय तसं कर, बाकी कायबी नगं.”

“करतो की.”

नागेशनं नकाशा भिंतीला चिकटवला, त्याला उदबत्ती ओवाळली आणि काम आपल्या मनाप्रमाणे केलं. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. नागेशच्या हातची वस्तू वाकली, असं उद्या कुणी हायवेवर म्हणालं तर त्यानं तोंड कुठं दाखवायचं? चार पातळ पाट्यांच्या जागी त्यानं ट्रॉलीचे नऊ पाटे टाकले. चौकटीच्या नळ्या काढून जाड लोखंडी चॅनल जोडला. शनिवारी दुपारी स्वतः कन्हेरीला येऊन सगळं बसवून दिलं आणि जॅक काढला.

गाडीचं नाक खाली आलंच नाही. मागची बाजू जमिनीशी आणि नाक वर, अशी ती भाषणाला उभी राहिल्यासारखी दिसू लागली. संभाजीराव आत बसले. समोर त्यांना गोठ्याचे पत्रे दिसले.

“नागेश, मला रस्ता दिसत न्हाय.”

“मजबूत झालीया ना, म्हणून,” नागेश अभिमानानं म्हणाला. “रिकामी ट्रॉलीबी अशीच उभी ऱ्हाती. लोड टाका, बसंल.”

दुसरे पाटे आणायला वेळ नव्हता. रविवारी सकाळी गाडीच्या नाकावर उसाच्या सहा मोळ्या दोरीनं करकचून बांधल्या. नाक खाली आलं. संभाजीरावांना रस्ता दिसला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

निकितानं गाडीभोवती एक चक्कर मारली. “काका, हा ऊस?”

“शकुनाचा हाय,” संभाजीराव म्हणाले.

तिनं हेल्मेट चढवलं. स्कूटरवरून मागोमाग निघाली. तिच्याही मागून फजिती बघायला कौसल्याबाई निघाल्या, आणि आपली कलाकृती बघायला नागेश.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. चूक झाली ती एवढीच, की जानेवारीत, ऐन गळीत हंगामात, उसानं भरलेली गाडी घेऊन संभाजीराव गावातून हळू चालले होते. चालत्या गाडीतला ऊस ओढून घेणं हा या भागात गुन्हा नव्हे, हक्क आहे. ट्रॅक्टरवाला मागं वळून बघत नाही आणि ओढणारा लाजत नाही. पारावर बसलेले महिपती आबा उठले, गाडीबरोबर चार पावलं चालले आणि एक ऊस ओढून परत जागेवर जाऊन बसले.

“आबा, नगा काढू, गाडी उचलती,” संभाजीराव कळवळले.

“एका उसानं काय व्हतंय?” आबा म्हणाले.

एका उसानं काही झालं नाही. पण दोरी सैल झाली. मग दूध घालून परतणाऱ्यांनी ओढले, पोस्टमननं सायकल न थांबवता ओढला, शाळेच्या मास्तरांनी इकडं-तिकडं बघून ओढला. सरूबाईंच्या तोंडात एकही दात नाही, त्यांनी दोन ओढले. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की एका उसानं काय होतंय. थांबून भांडावं तर परीक्षा बुडते. संभाजीरावांना आधी रस्ता दिसत होता, मग चिंचेचे शेंडे दिसू लागले, मग विजेच्या तारा, आणि शेवटी फिरणारी एक घार तेवढी दिसू लागली. घारीच्या अंदाजानं ते गाडी चालवत राहिले.

पुढं वळण होतं आणि वळणाला कॅनॉल. घारीला वळायचं कारण नव्हतं, त्यामुळे गाडीही सरळ निघाली.

हे कौसल्याबाईंनी पाहिलं. नवरा कसाही असला तरी कॅनॉलमध्ये घालायचा नव्हता. पदर खोचून त्या धावल्या, गाडीला गाठून उरल्यासुरल्या उसावर चढल्या आणि नाकाच्या पार टोकाला जाऊन बसल्या. नाक खाली आलं. संभाजीरावांना आता आभाळाऐवजी बायकोची पाठ दिसू लागली.

“उजव्या अंगाला घ्या,” पाठ म्हणाली.

त्यांनी घेतली. चाक कॅनॉलच्या काठावरून वीतभर अंतरानं गेलं.

“आता सरळ घ्या. अवो, जरा पळवा की. बैलगाडी हाय का ही?”

संभाजीरावांनी पळवली. केस सुटले, खोचलेला पदरही सुटून उडाला आणि कौसल्याबाईंना मजा वाटू लागली. इतकी मजा त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच येत होती, आणि हे त्यांनी पुढं मोठ्यानं बोलूनही दाखवलं. किलोमीटरचा दगड मागं पडला तेव्हा थांबायचं आहे, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

निकिता खाली वाकून पाटे मोजत होती. “काका, इंजिन फार छान आहे. पण पुढचं काहीच मूळ राहिलेलं नाही. हे तर ट्रॉलीचे पाटे आहेत. जुन्या गाड्यांमध्ये मी ही घेऊ शकत नाही.”

संभाजीरावांना एकदम थकल्यासारखं झालं. अकरा वर्षं डोळ्यांसमोरून गेली. “मग बोलवा भंगारवाल्याला,” ते म्हणाले.

“थांबा,” कौसल्याबाई म्हणाल्या. “उतरा तुमी. पुढं बसा.”

ट्रॅक्टर त्या गेली वीस वर्षं चालवत होत्या; ही त्यामानानं खेळणं होतं. संभाजीरावांना नाकावर घेऊन त्यांनी घराकडं येताना तोच किलोमीटर निम्म्या वेळात पार केला. अंगणात गाडी थांबल्यावरही संभाजीरावांचे डोळे मिटलेले होते.

“पोरी, दुसऱ्या कशात बसती का बघ की,” त्या निकिताला म्हणाल्या.

“बदल केलेल्या गाड्यांचा एक वेगळा गट आहे.”

“त्यात घाल.”

“आन् म्हस?” संभाजीरावांनी डोळे न उघडताच विचारलं.

“तिला चिंचंखाली पत्रा टाका. म्हस काय पुण्याला जाणार हाय?”

निकितानं स्कूटरच्या सीटवर फॉर्म ठेवला. चालकाच्या नावापुढं कौसल्याबाईंनी स्वतःच सही ठोकली. मग निकितानं पुढचा रकाना वाचला, “पुढच्या सस्पेन्शनमध्ये नवीन काय काय बसवलंय?”

“नऊ पाटं,” नागेशनं छाती पुढं काढून सांगितलं.

“आन् ह्ये,” कौसल्याबाईंनी नवऱ्याकडं बोट केलं.

निकितानं तसं लिहून घेतलं. संभाजीरावांनी हरकत घेतली नाही. पुणं शंभर किलोमीटर लांब होतं, आणि ते गोठ्यात नाकावर अंथरायला जाड गोणपाट शोधत होते.