दोघांच्याही महिरपी

दातांच्या डॉक्टरांची वेबसाइट बनवायचं काम नवरा-बायकोने मिळून घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी दोघांत अबोला सुरू झाला. काम मात्र आधीच वाटलेलं होतं. सर्व्हरचा भाग त्याचा, ब्राउझरचा तिचा. टेबल एकच, पाठी एकमेकांकडे.

पानावर वर डॉक्टरांचं नाव सर्व्हर भरणार होता आणि खाली पेशंटची नावं, नंबर लागेल तशी, ब्राउझर भरणार होता. रिकाम्या जागेची खूण म्हणून त्याने दुहेरी महिरपी कंसांत 'नाव' लिहिलं. तिनेही अगदी तेच लिहिलं. विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं, पण आधी तोंड उघडणार कोण?

सकाळी डॉक्टरांचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"अहो, आज यादीत अकरा पेशंट आहेत आणि अकराही मीच आहे. माझी दाढ मीच उपटू का?"

पान आधी सर्व्हरच्या हाती लागलं होतं. दिसले तेवढे सगळे कंस सर्व्हरने डॉक्टरांच्याच नावाने भरून टाकले होते. ब्राउझरला भरायला काही उरलंच नव्हतं.

"करतो दुरुस्त," तो फोनला म्हणाला.

"करतेच," तीही फोनलाच म्हणाली.

"दोन वाजेपर्यंत. नाहीतर मी दुसरं कुणीतरी बघतो."

वर्षभराचं काम हातचं जाणार होतं. तिला वाटलं, जाऊ दे, आपणच नमतं घ्यावं. न बोलता तिने आपले कंस चौकोनी केले. नेमकी त्याच वेळी त्यालाही उपरती झाली. त्यानेही गुपचूप आपले कंस चौकोनी केले आणि मोठ्या मनाने खुर्चीत मागे रेलला.

पावणेदोनला पुन्हा फोन, पुन्हा स्पीकर.

"बाहेर माझंच नाव पुकारतायत. पेशंट कुणी उठत नाही, दोनदा मीच उठलो."

तिने खुर्ची वळवली. "तू कंस बदललेस?"

"तुझ्यासाठी. तू?"

"मीपण."

दोघांनाही हसू आवरेना. "मग तू महिरपी घे," ती म्हणाली.

"नको, तुला त्यांची सवय आहे. तू घे."

"घे म्हणते ना."

फोन चालूच होता, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. पलीकडे डॉक्टर खाकरले.

"दोनचं राहू द्या, सावकाश करा," ते आवाज खाली आणून म्हणाले. "आमची ही शेजारच्याच खोलीत पेशंट बघते. आमच्यातही आठवडा झाला. तुमच्यात आधी कोण बोललं आणि काय बोललं, तेवढं जरा सांगता?"