निशांतने गावाचे आभार मानले त्याची गोष्ट

यावेळी इलाला मागणी घालायचीच, आणि तीही तिच्या वडिलांच्या, म्हणजे सरपंच प्रभाकररावांच्या डोळ्याला डोळा भिडवून, असा निशांतने ठराव केला होता. ठराव पक्का होता, कारण यावेळी त्याच्या पाठीशी ॲप होतं.

याआधी पाठीशी कोणीच नव्हतं आणि त्याचे परिणाम घरात पडून होते. पहिल्यांदा तो प्रभाकररावांकडे गेला तेव्हा "काकाजी, एक मांगाचं होतं" इथपर्यंत उत्तम बोलला. मग प्रभाकररावांनी मिशीवरून बोट फिरवलं, "बोल" म्हणाले, आणि निशांतने त्यांचा फवारणीचा पंप मागितला. दुसऱ्या खेपेला शिडी मागितली. निशांतच्या घराला शेत नव्हतं. त्यामुळे त्याचे वडील मधुकरराव, जे आर्वी डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते, ते त्या पंपाने अंगणातल्या सदाफुलीवर फवारणी करत आणि शिडीवर चढून ती वरून कशी दिसते ते पाहत.

इला वडनेरच्या शाळेत शिकवायची. तिने शांतपणे परिस्थिती मांडली.

"दिवाळी झाली की नागपूरचं स्थळ येऊन राह्यलं. मी सांगू का बाबूजीले आपलं?"

"नाई. माणसानं स्वतः मांगाव लागते."

"मांग मंग. पंप झाला, शिडी झाली. आता बैलबंडी राह्यली फक्त."

निशांत हिंगणघाटला कापसाच्या एका जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. शेजारच्या टेबलावरच्या रीनाने त्याचा चेहरा पाहून निदान केलं.

"तुह्यात आत्मविश्वासच नाई. 'मनमोहर' टाक मोबाईलमध्ये. म्या टाकलं आन सासूसंग मोकळं बोलायले लागली."

"सासू काय म्हणते?"

"तिनं बोलणं बंद केलं. पण मले छान वाटते."

एवढा शास्त्रीय पुरावा पुरेसा होता. निशांतने मनमोहर टाकलं. आतून एक बाई बोलली. आवाज असा, की गरम वरणावर कोणी सावकाश तूप सोडतंय. बाई म्हणाली, आनंदी माणूस आधी आभार मानतो. ज्यांनी ज्यांनी आपल्यासाठी काही केलं, त्यांना नाव घेऊन, नेमकं कारण सांगून रोज आभार पाठवा. हसरा फोटो जोडा. तुमच्यात सामर्थ्य जागं होईल.

आता कवठाझरी या गावात आभार मानायची पद्धत नाही. पाणी दिलं तर पिणारा "आणखी आण" म्हणतो, तीच पावती. आभार मानणारा माणूस गावात पाच वर्षांतून एकदा येतो, हात जोडून येतो आणि त्याच्यामागे लाउडस्पीकर येतो. त्यातून हा काळ नेमका सरपंचाच्या निवडणुकीचा. प्रभाकररावांनी उन्हाळ्यापासून एकेकाच्या ओसरीवर बसून, एकेकाची समजूत काढून स्वतःची निवड बिनविरोध होईल अशी घडी बसवली होती. फॉर्म भरायची मुदत तेवढी संपायची होती.

हे सगळं मनमोहरवाल्या बाईला कोणी सांगितलं नव्हतं.

निशांतने मन लावून सुरुवात केली. ॲपने त्याच्या फोटोमागे उगवता सूर्य लावला, हात जोडायला सांगितले आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आपल्यामुळेच मी आहे'. हा फोटो त्याने न्हाव्याला पाठवला, कान वाचवल्याबद्दल. पिठाच्या गिरणीवाल्याला पाठवला. आपल्याला कधीही न चावलेल्या कुत्र्याच्या मालकालाही पाठवला. गावाने ते फोटो एकमेकांच्या मोबाईलमध्ये ताडून पाहिले. सूर्य सगळीकडे सारखाच उगवत होता.

मग बाई म्हणाली, आज एका अनोळखी माणसाला चहा पाजा. कवठाझरीत अनोळखी माणूस मिळणं अशक्य. निशांतने नाइलाजाने विक्कीच्या टपरीवरच्या अख्ख्या बाकाला चहा पाजला.

"कोणाकडून सांगू दादा?" विक्कीने किटली हवेतच धरून विचारलं.

"माह्याकडून."

टोकाला बसलेल्या म्हाताऱ्याने बशी खाली ठेवली, निशांतला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मंग तर्री-पोहे बी सांग."

निशांतला वाटलं, सद्भावना पसरतेय.

तिसऱ्या पायरीवर बाईने स्वतःशी मोठ्याने बोलायला सांगितलं. तोंड सूर्याकडे, छाती पुढे. निशांत पहाटे स्लॅबवर चढला, प्रभाकररावांच्याच शिडीने, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मी लायक आहे. माझी वेळ आली आहे. मी आता मागे हटणार नाही."

खाली शेजारच्या आनंदाबाई अंगण झाडत होत्या. त्यांच्या हातातून खराटा पडला. नळाला पाणी येईपर्यंत ही बातमी नळावर पोचली आणि पाण्यापेक्षा जास्त दाबाने सगळ्या गल्ल्यांत गेली. प्रभाकररावांच्या विरोधात मधू कंडक्टरचा पोरगा उभा राहतोय. भाषण पाठ झालं आहे. पोहे चालू आहेत.

निशांतला हे कळलं ते ऑफिसातून येताना, टपरीवर. विक्कीने त्याला न विचारता खुर्ची पुसून दिली.

"दादा, आमच्या गल्लीची काळजी करू नोको."

"काय झालं तुमच्या गल्लीले?"

"सगळी गल्ली तुह्याकडून हाये."

निशांत मटकन बसला. खुर्ची होती म्हणून वाचला. "विक्की, मी उभा नाई राह्यलो बे. कायचाच उभा नाई."

विक्कीने इकडेतिकडे पाहून डोळा मारला. "बरोबर हाये. आताच कायले बोलाचं. प्रभाकररावबी मागच्या खेपेले आखरीपर्यंत नाईच म्हणे."

मग निशांत ज्याला भेटेल त्याला नाही म्हणत सुटला. आणि तो जितका नाही म्हणत गेला तितके लोक चकित होत गेले, की एवढ्या लहान वयात पोराला राजकारण काय जमलंय. त्याने खुलाशाचा मेसेज पाठवायला घेतला. मेसेज गावाच्या ग्रुपवर गेला, पण ॲपने त्याला आपणहून उगवता सूर्य जोडून दिला.

घरी वेगळंच चाललं होतं. त्याची आई इंदिराबाई त्याच्याकडे पाहून पदराने डोळे टिपत होती. मधुकरराव जेवताना घास हातात धरून त्याच्याकडे एकटक पाहत होते.

"म्या सारी नोकरी लोकाईले 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणण्यात काढली," ते हळूच म्हणाले. "आपल्या घरातून कोणी पुढं सरकलंच नाई. आता तू सरकून राह्यला."

"बाबा, ते ॲप हाये. मनाचं स्वास्थ्य असते न, त्याच्यासाठी."

"हो, हो. तेच सांगजो सगळ्याईले."

निशांतला रात्रभर झोप नव्हती. सरपंचकी गेली उडत. ज्या माणसाला मुलगी मागायची, त्याच माणसाच्या उन्हाळ्यापासूनच्या मेहनतीवर आपण उगवता सूर्य फिरवलाय, हे त्याला दिसत होतं. नागपूरचं स्थळ त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. त्या स्थळाला कार होती.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी प्रभाकररावांचं बोलावणं आलं.

ते ओसरीवर नव्हते, आतल्या खोलीत होते. दार लोटलेलं. चेहरा चार दिवस पडून राहिलेल्या मुळ्यासारखा सुकलेला. त्यांनी स्वतःच्या हाताने निशांतपुढे चहा ठेवला. हे पाहून निशांतला आणखीच धक्का बसला, कारण प्रभाकररावांना स्वयंपाकघर घरात कुठल्या दिशेला आहे हे माहीत असेल असं गावात कोणालाच वाटत नव्हतं.

"पोरा," ते म्हणाले, "तुले पंप पाहिजे होता, म्या देल्ला. शिडी पाहिजे होती, देल्ली. आता सरपंचकी बी मांगून राह्यला का?"

"काकाजी, खरंच तसं काही..."

"थांब. मले 'नाई' ऐकाचं नाई. मी बी दोनदा 'नाई' म्हणूनच निवडून आलो." त्यांनी आवाज खाली आणला. उभ्या माणसाला खाली बसवायचा गावात एकच ठरलेला प्रश्न असतो, तो त्यांनी विचारला. "बसाचं काय घेशीन?"

जो प्रश्न विचारला जावा म्हणून निशांत आजवर पंप आणि शिडी वाहत होता, तो प्रश्न प्रभाकररावांनी स्वतःच्या तोंडाने विचारला होता. निशांतने तोंड उघडलं. नजर भिंतीला टेकलेल्या बैलबंडीच्या चाकावर गेली. जीभ तिकडे वळायला लागली. त्याने ती दाताखाली धरली.

"इला," तो म्हणाला.

"इला म्हणजे?"

"म्हणजे लग्न. माह्यासंग."

प्रभाकररावांनी कपाळ पुसलं आणि खुर्चीत अंग सैल सोडलं. "एवढंच? मी समजलो, पाण्याच्या टाकीचं कंत्राट मांगशीन. देल्ली, बाप्पा. दिवाळीनंतर बार उडवून टाकू."

दार उघडलं. इला तिथेच उभी होती आणि सगळं ऐकून मोकळी झाली होती.

"बाबूजी, मी टाकीपरस सस्ती निघाली का?"

"तसं नाई, बेटा..."

"आन तू." ती निशांतकडे वळली. "न्हाव्याचे आभार मानले, गिरणीवाल्याचे मानले, कुत्रं नाई चावलं त्याचे बी मानले. मले एक मेसेज नाई."

"तुले पाठवाची हिंमत जमवून राह्यलो होतो," निशांत म्हणाला. ते खरं होतं, म्हणून फारच बावळट वाटलं.

इला काही बोलणार तोच बाहेर बँड वाजला. तिघं ओसरीवर आली. फाटकात गर्दी होती, विक्की पुढे होता, आनंदाबाईंच्या हातात आरतीचं ताट होतं आणि मध्ये गळ्यात हार घातलेले मधुकरराव होते. ते हिंगणघाटच्या तहसीलमधून थेट येत होते.

"पोरगा लाजते," त्यांनी प्रभाकररावांना प्रेमाने समजावलं. "सई कराले काही येईना. मुदत चालली. म्हणून म्या माह्याच नावानं फॉर्म भरून आलो."

प्रभाकररावांनी ओसरीचा खांब धरला. "मधू? तू?"

"लोकं तयार होते न भाऊ. माणूसच नव्हता."

"अबे, पण तुहा पोरगा आत्ताच बसला. माह्या डोयासमोर."

"तो बसला असन." मधुकररावांनी हार नीट केला. "मी गाडीत जिंदगीभर उभाच होतो. मले सवय हाये."

बँडवाल्याला हे फार आवडलं, त्याने एक थाप जास्त दिली. निशांतने वडिलांचा चेहरा पाहिला. तो चेहरा त्याने एवढा खुललेला कधी पाहिला नव्हता. त्यामुळे "बाबा, माघार घ्या" हे वाक्य उभं राहायच्या आधीच बसलं.

"मंग शब्द वापस," प्रभाकरराव म्हणाले. "बिनविरोध गेलं, लगीन गेलं."

"काकाजी, शब्द माह्या बसण्याचा होता," निशांत म्हणाला. "आन मी बसलो."

हे आपण बोललो याचा सगळ्यात मोठा धक्का निशांतलाच बसला. प्रभाकररावांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मिशीवरचं बोट अर्ध्यावर थांबलं.

"बरं," ते म्हणाले. "मंग इथंच सांग. जावई म्हणून मत कोणाले देशीन? मले का बापाले?"

मधुकररावही कान देऊन पुढे सरकले. गर्दी सरकली. बँड थांबला.

निशांतने एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग जमिनीकडे पाहून अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मतदान गुप्त असते."

इलाने सुस्कारा टाकला. "मंग लगीन बी गुप्तच कराव लागन," ती म्हणाली आणि आत गेली.

एवढी गुप्त गोष्ट अर्धं गाव, आरतीचं ताट आणि एक बँड यांच्यासमोर ठरली. संध्याकाळच्या गाडीने ती बातमी वडनेरला पोचली. इलाचं ते बोलणं म्हणजे होच होतं, हे निशांतला दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना वडनेरच्या स्टँडवरच्या एका माणसाने सांगितलं.