झिपरीची बिअर आणि महाराजांचं अंगण

एका जंगलात, मुलांनो, झिपरी नावाची एक अस्वलीण राहत होती. ती नाचणीची बिअर बनवायची. बिअर म्हणजे काय, ते मला विचारू नका. घरी तर मुळीच विचारू नका.

जांभळाच्या झाडाखाली तिचे माठ असत. प्राणी तिथेच बसून ताजी बिअर पीत आणि आपापल्या बायकांची तारीफ करत. असं जंगलात दुसरीकडे कुठेच घडत नसे.

नदीपलीकडे कोल्हेशेठचा गुत्ता होता. तिथे शिळी बिअर मिळे. आता तिथे कुणी फिरकेना. कोल्हेशेठ वाघमहाराजांकडे धावला.

"महाराज, जिथे बनते तिथेच पाजतात! संस्कृती बुडाली!"

संस्कृती म्हणजे काय, हे महाराजांना ठाऊक नव्हतं. पण बुडणं वाईट, एवढं ठाऊक होतं. त्यांनी कायदा केला : जिथे बनवाल, तिथे पाजायची नाही.

झिपरी माठ डोक्यावर घेऊन वडाखाली गेली. "इथे जवळच माकडांची शाळा आहे," कोल्हेशेठ ओरडला. नवा कायदा झाला. ती टेकडीवर गेली. तिथे शेंदूर फासलेला दगड निघाला. शेंदूर अजून ओला होता. तरी कायदा झालाच. मग पाणवठ्याजवळ नको, पायवाटेजवळ नको. हिंदकळून हिंदकळून बिअर नासली. झिपरी रडकुंडीला आली.

"चोरून पाज ना," तिची मैत्रीण सांबरी म्हणाली. "सगळे तेच करतात."

"चोरून कशाला? मी काय वाईट बनवते? कायद्यात बसेल अशी जागा शोधते."

ती जंगलभर हिंडली. आणि जागा सापडली!

दुसऱ्या दिवशी दुपारी महाराज झोपेतून दचकून उठले. गुहेपुढच्या अंगणात ही गर्दी! तरस खिदळत होते. हत्ती गात होता.

"हे काय चाललंय?" महाराज गरजले.

"कायदा पाळतेय, महाराज," झिपरी अदबीनं म्हणाली. "इथे शाळा नाही, देऊळ नाही, पाणवठा नाही. तुमच्या भीतीनं पायवाटसुद्धा नाही. अख्ख्या जंगलात एवढीच जागा उरलीय. रोज येत जाऊ ना?"

तेवढ्यात हत्तीनं महाराजांच्या गळ्यात सोंड टाकली. "महाराज, तुम्ही मनानं फार चांगले आहात हो," म्हणाला आणि हुंदके देऊ लागला.

महाराजांनी उभ्या उभ्या सगळे कायदे रद्द केले. "बाई, जिथे बनवतेस तिथेच पाज! फक्त इथे नको!"

झिपरीनं हसत माठ उचलले.

"थांब," महाराज हळूच म्हणाले. "एक राहू दे."

तात्पर्य : मुलांनो, कायदा कधीही मोडू नका. तो इतका तंतोतंत पाळा, की करणाऱ्याची झोप उडाली पाहिजे.