डेलबर्टचा पहिल्या पानावरचा फोटो

लोरेटाने आपला ट्रायपॉड बरोबर डेलबर्टच्या कॅमेऱ्यापुढे रोवला आणि डेलबर्टच्या डोक्यात तिडीक गेली. टायटसव्हिलच्या वर्तमानपत्रात हयात घालवूनही त्याचा एकही फोटो पहिल्या पानावर आला नव्हता. पुढच्या महिन्यात तो निवृत्त होणार होता. उद्या चार माणसांना घेऊन रॉकेट उडणार, ही शेवटची संधी, आणि तिच्या आड ही बाई!

"लोरेटा, सरक. माझ्या फोटोत येतेयस."

"मग तू सरक. जागा काय तुझ्या नावावर आहे?"

"दरवेळी मी इथंच लावतो. इथल्या सगळ्या फोटोग्राफरांना ठाऊक आहे."

"मला नव्हतं. आता कळलं."

उड्डाणाच्या वेळी रॉकेटच्या इतक्या जवळ माणसाला थांबू देत नाहीत. कॅमेरे आदल्या दिवशीच लावून यायचं. रॉकेट गरजलं की आवाजासरशी ते आपोआप फोटो काढतात. गेल्या खेपेला डेलबर्टचा कॅमेरा ऐन वेळी ढिम्म राहिला होता. म्हणून यंदा त्याने कॅमेऱ्याचे कान भलतेच तिखट करून ठेवले होते. तो चालू करून, त्याच्याच पुढ्यात उभा राहून डेलबर्ट भांडला, पार परतीच्या बसचा भोंगा वाजेपर्यंत. शेवटी लोरेटा हातभर सरकली.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि ऐन वेळी उड्डाण पुढे ढकललं गेलं. सगळे चडफडत बॅटऱ्या बदलायला परतले. आवाजच झाला नव्हता, त्यामुळे सगळ्यांचे कॅमेरे कोरे होते. डेलबर्टचं कार्ड मात्र काठोकाठ भरलं होतं. प्रत्येक फोटोत तोच, लालबुंद, बोट उगारलेला. रॉकेट उडालं असतं तरी त्याच्यासाठी जागा उरली नसती.

तेवढ्यात संपादक मेब्रीचा फोन आला.

"डेलबर्ट, जवळून काढलेलं काही आहे का रे? बाकी सगळ्यांनी हात वर केलेत."

"आहे," डेलबर्ट कसाबसा म्हणाला. "पण हसायचं नाही."

सकाळी पहिल्या पानावर मागे मुकाट उभं रॉकेट, पुढे त्याला झापणारा डेलबर्ट. वर मथळा: 'उड्डाण लांबलं, गाव संतापलं'. खाली त्याचं नाव.

मेब्रीला फैलावर घ्यायला तो निघाला, तर दारात लोरेटा, हातात पेपर.

"मी तुझ्या शेजारीच उभी होते. इथं माझं नुसतं कोपर दिसतंय. मला कापायला कुणी सांगितलं?"

डेलबर्टचा राग कुठल्या कुठे पळाला.

"मीच," तो म्हणाला. "मध्ये येत होतीस."